कुपीवरचे ‘९९ टक्के’ कशाचे?

पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीने बनलेल्या औषधांच्या, इंजेक्शनांविषयी इतकी पत्रे साठली की या वेळचे सदर पूर्णपणे त्यांनाच दिले आहे. औषधनिर्माणशास्त्र शिकवणारे, औषधांच्या तपासण्या करणारे आणि मधुमेहाचे रुग्ण पाहणारे अशा आमच्या मंडळातील सदस्यांनी मिळून ही उत्तरे लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या जिममधला ट्रेनर सेमाग्लुटाइडच्या १० मिलिग्रॅमच्या कुप्या मागवून देतो. सोबत प्रयोगशाळेचा रिपोर्ट असतो, त्यावर शुद्धता ९९.२ टक्के लिहिलेली आहे. कंपनीच्या पेनमध्येही हेच औषध आहे, मग चौपट पैसे कशाला मोजायचे, असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे चूक कसे? (ठाणे)

सेमाग्लुटाइड हे मधुमेहाचे आणि वजन कमी करण्याचे पेप्टाइड औषध. कुपीत खरोखर तेच आहे असे क्षणभर धरून चालू. खरी गफलत त्याच्या पुढे आहे.

९९.२ हा आकडा एचपीएलसी नावाच्या तपासणीतून येतो. नमुना विरघळवून एका बारीक नळीतून दाबाने सोडतात. त्यातले घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि अतिनील प्रकाशात मोजले जातात. कागदावर शिखरे उमटतात. सगळ्या शिखरांच्या एकूण क्षेत्रफळात मुख्य शिखराचा वाटा किती, तो हा आकडा. पाणी, क्षार, भरीचे मॅनिटॉल यांना या हिशेबात जागाच नाही. त्यामुळे कुपीत पेप्टाइड दहा मिलिग्रॅम आहे की सहा, हे ९९.२ वरून कळत नाही. तांदळात खडे किती ते सांगितले, पण पोते किती किलोचे ते सांगितलेच नाही, असा हा प्रकार.

पेप्टाइडची पावडर हवेतली ओल शोषते, शिवाय तिला असिटेटसारखे क्षार चिकटलेले असतात. तराजूवर १० मिलिग्रॅम भरणाऱ्या पावडरीत प्रत्यक्ष पेप्टाइड ७ ते ९ मिलिग्रॅम असणे अगदी नेहमीचे आहे. औषध कारखान्यात प्रत्येक बॅचचे निव्वळ पेप्टाइड मोजतात आणि त्या हिशेबाने भरणा ठरवतात. ऑनलाइन विक्रेत्याकडे हे कोणी केले की नाही, ते विचारायला जागा नाही. कधी उलटेही होते. बेकायदा ऑनलाइन दुकानांतून मागवलेल्या सेमाग्लुटाइडची तपासणी ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झाली. सहा ठिकाणी मागणी नोंदवली, माल तीनच ठिकाणांहून आला. लेबलवर शुद्धता ९९.९ टक्के, प्रत्यक्षात ती सुमारे ८ ते १४ टक्के निघाली. सेमाग्लुटाइड मात्र लेबलवरच्या आकड्यापेक्षा २९ ते ३९ टक्के जास्त होते. औषध जास्त आणि सोबत कचराही भरपूर, अशी दोन्ही बाजूंनी फसगत. त्यात एंडोटॉक्सिनही सापडले.

एंडोटॉक्सिन हा शब्द ट्रेनरला आवर्जून विचारा. काही जातींच्या जंतूंच्या कवचाचा हा तुकडा. जंतू मेले तरी तो उरतो. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून तो आरपार जातो आणि पाणी उकळल्याने नष्ट होत नाही. काचेच्या कुपीवरून तो घालवायला कारखान्यात २५० अंश सेल्सिअसच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवावे लागते. हा तुकडा टोचला गेला की काही तासांत थंडी वाजून ताप येतो, रक्तदाब घसरू शकतो. एचपीएलसीला एंडोटॉक्सिनही दिसत नाही आणि जिवंत जंतूही दिसत नाहीत. निर्जंतुकतेची तपासणी वेगळीच असते. तिच्यात नमुना पोषक द्रवात १४ दिवस ठेवून पाहतात.

तिसरी गोष्ट अशुद्धीची, आणि आमच्या मते ती सर्वात कमी बोलली जाते. सेमाग्लुटाइड ३१ अमिनो आम्लांची साखळी आहे. बाजूला चरबीच्या आम्लाची १८ कार्बनांची शेपटी जोडलेली असते, म्हणून ते आठवडाभर शरीरात टिकते. अशी साखळी एकेक कडी जोडून बनवताना एखादी कडी गळते, एखादी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी बसते. उलट्या कडीच्या रेणूचे वजन मूळ रेणूइतकेच भरते, त्यामुळे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रालाही तो सहज ओळखू येत नाही. असे जवळजवळ सारखे रेणू शरीराची प्रतिकारशक्ती चाळवू शकतात. प्रतिपिंडे तयार झाली की पुढे औषध लागू पडेनासे होते किंवा ॲलर्जीचा झटका येतो. ही भीती पोकळ नाही. रोश कंपनीने याच गटातल्या टॅस्पोग्लुटाइडच्या चाचण्यांत डोस देणे २०१० साली थांबवले. त्यामागे उलट्या-मळमळीबरोबर ॲलर्जीच्या गंभीर प्रतिक्रिया हे कारण होते. पेजिनेसाटाइड हे पेप्टाइड औषध अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाले आणि जीवघेण्या ॲलर्जीमुळे फेब्रुवारी २०१३ मध्ये बाजारातून परत बोलावले गेले. कंपनीचे औषध म्हणजे धोका शून्य, असे आम्ही म्हणत नाही. पण तिथे धोका नोंदला जातो आणि माल मागे घेता येतो. ट्रेनरच्या कुपीने कोणाला झटका आला तर ती बॅच परत बोलावणारे कोणीच नाही.

तेव्हा पैसे रेणूचे असतात तसेच या तपासण्यांच्या साखळीचेही असतात. ट्रेनरचा रिपोर्ट पाहायचाच असेल तर त्यावर पाच गोष्टी शोधा: कुपीवरचाच बॅच नंबर, प्रति कुपी मोजलेले मिलिग्रॅम, पाण्याचे व क्षारांचे प्रमाण, एंडोटॉक्सिन, निर्जंतुकता. बहुतेक रिपोर्टांवर पहिली किंवा दुसरी गोष्टच नसते. पाचही असल्या तरी नमुना विक्रेत्याने निवडून पाठवलेला असतो. तुमच्या हातातली कुपी त्याच घाण्यातली आहे याला पुरावा नाही.

प्रश्न : मग स्वस्त जेनेरिक सेमाग्लुटाइडही तसेच समजायचे का? आमचे केमिस्ट भारतीय कंपनीचे देतात. (नाशिक)

नाही, आणि ही गल्लत लवकर थांबायला हवी. सेमाग्लुटाइडचे भारतातले पेटंट मार्च २०२६ मध्ये संपले. भारतीय कंपन्यांना ते बनवायचा कायदेशीर मार्ग आहे आणि त्यासाठी केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी व उत्पादनाचा परवाना लागतो. कायदेशीर स्वस्त औषध आपल्याला नवे नाही. मुंबईच्या ग्लेनमार्कने याच गटातल्या लिराग्लुटाइडचा भारतीय पर्याय जानेवारी २०२४ मध्येच आणला होता.

मूळ सेमाग्लुटाइडची साखळी यीस्टच्या मदतीने बनते, इतर उत्पादक ती पूर्णपणे रासायनिक पद्धतीनेही बनवू शकतात. पद्धत बदलली की अशुद्धीही बदलते. म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, मे २०२१ च्या मार्गदर्शनात लिराग्लुटाइड, टेरिपॅराटाइड, ग्लुकॅगॉन अशा औषधांच्या रासायनिक जेनेरिकसाठी अट घातली, की मूळ औषधात नसलेली कोणतीही नवी अशुद्धी ०.५ टक्क्याच्या वर नको. स्वस्त असूनही तपासलेले आणि स्वस्त म्हणून न तपासलेले, यांतला फरक हा असा आहे.

केमिस्टकडून बिल घ्या, त्यावर बॅच नंबर हवा. खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, एमआरपी, मुदत पाहा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणी हे औषध देऊ केले, तर दुकान बदला.

प्रश्न : आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे ‘दहा युनिट’ घेतात. माझ्या धाकट्या भावाने तेवढेच घेतले आणि दोन दिवस नुसत्या उलट्या. औषध खराब होते का? (कोल्हापूर)

औषध खराब असू शकते, पण आधी सिरिंज पाहा.

‘युनिट’ ही इन्सुलिनच्या सिरिंजवरची खूण आहे, सेमाग्लुटाइडचे माप नव्हे. त्यात आपल्याकडे दोन प्रकारच्या सिरिंज शेजारी-शेजारी विकल्या जातात. लाल टोपणाची यू-४०, म्हणजे १ मिलिलिटरला ४० युनिट. नारिंगी टोपणाची यू-१००, म्हणजे १ मिलिलिटरला १०० युनिट. परदेशी व्हिडिओ सगळे यू-१०० धरून बोलतात. आपल्याकडे घरात आजोबांची यू-४० पडलेली असते.

हिशेब करून पाहू. मंजूर औषधाचा पहिला डोस आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅम. ग्रुपवरच्या माणसाने ५ मिलिग्रॅमच्या कुपीत २ मिलिलिटर पाणी घातले, तर १ मिलिलिटरमध्ये २.५ मिलिग्रॅम झाले. यू-१०० वर दहा युनिट म्हणजे ०.१ मिलिलिटर, म्हणजे बरोबर ०.२५ मिलिग्रॅम. तुमच्या भावाने तेच दहा युनिट यू-४० ने ओढले तर ०.२५ मिलिलिटर, म्हणजे ०.६२५ मिलिग्रॅम. अडीचपट. आता कुपी १० मिलिग्रॅमची आणि पाणी १ मिलिलिटरच घातले असे धरा. यू-१०० वर दहा युनिट म्हणजे १ मिलिग्रॅम आणि यू-४० वर २.५ मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्या डोसच्या दहापट. वजनासाठीच्या वेगोव्हीमध्ये २.४ मिलिग्रॅमपर्यंत पोचायला ०.२५, ०.५, १, १.७ अशा पायऱ्यांवर प्रत्येकी चार आठवडे, एकूण १६ आठवडे काढतात. कारण जठर सावकाश रिकामे होण्याची सवय शरीराला हळूहळूच लागते. आणि या सगळ्या हिशेबात कुपीवरचा आकडा खरा धरला आहे.

अमेरिकेत परवानाधारक फार्मसींनी बनवून दिलेल्या कुप्यांतही हे घडले. तिथल्या एफडीएने जुलै २०२४ मध्ये इशारा दिला, की ठरलेल्या डोसाच्या ५ ते २० पट औषध घेतले गेल्याच्या घटना आल्या आहेत. डॉक्टरांचीही मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट यांची गल्लत झाली होती. पेनमध्ये ही आकडेमोड रुग्णावर पडतच नाही.

भावाने घेतलेला डोस परत काढता येत नाही. अर्धे औषध उतरायलाच सुमारे आठवडा लागतो आणि पूर्ण जायला पाच आठवडे. त्यामुळे उलट्या थांबल्या म्हणून पुढच्या रविवारी ‘पाच युनिट’ घेऊन पाहू नये.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यात कुरिअरने आलेल्या इंजेक्शनाची ताकद उरते का? (नागपूर)

गोठवून वाळवलेली पावडर उष्णता बऱ्यापैकी सोसते, द्रावण सोसत नाही. पंचेचाळीस अंशांत उभ्या असलेल्या गाडीत पेन तासन् तास राहिले तर ते वापरू नका. न उघडलेली पेने २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. बाहेर किती दिवस चालते ते प्रत्येकाच्या पत्रकात असते. माउंजारोची, म्हणजे टिर्झेपॅटाइड या सेमाग्लुटाइडसारख्याच औषधाची, एकदाच वापरायची कुपी ३० अंशांखाली २१ दिवस. नागपुरात मे महिन्यात घराच्या आतही ३० अंश मिळत नाहीत, म्हणून हे २१ दिवस धरूच नका. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यालगत किंवा थेट बर्फाच्या पाकिटावर ठेवलेले पेन गोठते, आणि गोठलेले पेन टाकूनच द्यावे लागते.

पावडरीच्या कुपीची खरी पंचाईत पाणी घातल्यावर सुरू होते. ओझेम्पिक या मूळ कंपनीच्या सेमाग्लुटाइड पेनच्या द्रावणात पीएच (आम्लतेचे माप) ७.४ च्या आसपास स्थिर ठेवणारे फॉस्फेट असते, फिनॉलसारखे जंतुरोधक असते. पावडरीत घालायच्या नुसत्या ‘बॅक वॉटर’मध्ये, म्हणजे जंतुरोधक पाण्यात, ०.९ टक्के बेंझिल अल्कोहोल असते, पण पीएच धरून ठेवणारे काही नसते. आम्लतेकडे झुकलेल्या पाण्यात सेमाग्लुटाइडचे रेणू एकमेकांना चिकटून गोळे होण्याचा धोका वाढतो. गढूळपणा दिसला तर फेकाच, मात्र ताकद निम्मी झालेले द्रावणही स्वच्छ पाण्यासारखे दिसू शकते. त्या द्रावणाची किती दिवस टिकण्याची खात्री आहे, हे कोणी मोजलेले नसते.

हे जुनेच दुखणे आहे. ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांचे पेप्टाइड. म्हशीला पान्हा फुटावा म्हणून गोठ्यांत त्याच्या बिनलेबलच्या बाटल्या वर्षानुवर्षे खपल्या. तेच औषध बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला लागते आणि तिथे ते २ ते ८ अंशांत जपावे लागते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये खासगी उत्पादनावर बंदी घातली, ती त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. कारण गोठ्यातला गैरवापर रोखताना दवाखान्यातले औषध तुटता कामा नये.

प्रश्न : मुलगी राज्य पातळीवर कबड्डी खेळते. गुडघ्याच्या दुखापतीसाठी बीपीसी-१५७ घ्यायला सांगत आहेत. ‘नैसर्गिक’ आहे म्हणे. (सांगली)

देऊ नका. सेमाग्लुटाइडला निदान मंजूर रूप आहे. बीपीसी-१५७ हे १५ अमिनो आम्लांचे पेप्टाइड भारतात किंवा अमेरिकेत कोणत्याही आजारासाठी मंजूर नाही. म्हणजे ‘कंपनीचे चांगले’ असे काही घ्यायला उपलब्धच नाही, जे मिळते ते सगळे ‘फक्त संशोधनासाठी’ अशा लेबलचे. बहुतेक पुरावा उंदरांवरचा आहे. माणसात योग्य डोस किती, किती दिवस, वाढत्या वयाच्या मुलीत काय होते, याची उत्तरे देणाऱ्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत.

दुसरे, २०२२ पासून ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, बंदी यादीत नावानिशी आहे. ते स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंद आहे. टीबी-५००, सीजेसी-१२९५, इपामोरेलिन हीही बंदच. शरीरात काय सापडले याला खेळाडूच जबाबदार, ‘ट्रेनरने दिले’ ही सबब चालत नाही. गुडघ्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट गाठा. वेळ लागेल, पण तिचे खेळाचे वर्ष वाचेल.

प्रश्न : माझी जाऊ इथे फार्मसीत बनवलेले सेमाग्लुटाइड घ्यायची. ते बंद झाल्यावर तिने इंटरनेटवरून कुपी मागवली. दोन्ही सारखेच ना? (न्यू जर्सी)

सारखे नाही. तुटवड्याच्या काळात अमेरिकेत परवानाधारक फार्मसींना मंजूर औषधाची नक्कल करून द्यायची मुभा होती. तिथल्या एफडीएने टिर्झेपॅटाइडचा तुटवडा डिसेंबर २०२४ मध्ये आणि सेमाग्लुटाइडचा २१ फेब्रुवारी २०२५ रोजी संपल्याचे जाहीर केले, आणि त्या वर्षी मे महिन्याअखेर ही मुभा आटोपली. फार्मसीत बनलेल्या औषधाला एफडीएची मंजुरी नसते आणि काही ठिकाणी सेमाग्लुटाइडचा सोडियम क्षार वापरला गेला, जो मंजूर औषधातल्या रूपापेक्षा वेगळा आहे. तरी तिथे चिठ्ठी होती, परवाना होता, जाब विचारायला दार होते. ‘संशोधनासाठी’च्या कुपीत यातले काही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अशाच विक्रेत्यांना एफडीएने ताकीदपत्रे पाठवली. त्यांत रेटाट्रुटाइड विकणारेही होते, जे तेव्हा अजून चाचण्यांतच होते.

जाऊबाई आता मंजूर पेनवर येणार असतील, तर ‘मी १ मिलिग्रॅम घेत होते’ असे सांगून त्याच डोसापासून सुरू करू नये. कुपीत खरे किती होते ते ठाऊक नाही. डॉक्टर बहुधा तळाच्या डोसापासूनच सुरू करतील.

प्रश्न : मी अशा कुपीचे तीन डोस घेतले आहेत. मळमळ आहे, हात थरथरतात. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते. (वसई)

सांगा, आणि आजच सांगा. रागावणारे डॉक्टर भेटले तरी त्यांना खरी माहिती हवीच आहे.

हात थरथरत असतील तर आधी ग्लुकोमीटरने साखर तपासा. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. मशीन हाताशी नसेल तर वाट न पाहता साखर घ्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, घरच्यांना थेट रुग्णालयात न्यायला सांगा. हे इतके ठासून सांगण्याचे कारण आहे. ऑस्ट्रियात ऑक्टोबर २०२३ मध्ये बनावट सेमाग्लुटाइड घेतलेले लोक साखर कोसळून रुग्णालयात दाखल झाले. त्यात इन्सुलिन असावे असा तिथल्या यंत्रणेचा निष्कर्ष होता. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट ओझेम्पिकविषयी जो जागतिक इशारा दिला, त्यात हा धोका होताच. (बनावट पेनची एक खूण: डोस फिरवताना आकड्यांची पट्टी पेनमधून बाहेर सरकते.) तुम्ही मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेत असाल तर साखर घसरण्याचा धोका आणखी वाढतो.

पोटात सतत, पाठीकडे जाणारी तीव्र कळ आली तर स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. तातडीने जा, रक्तातले लायपेज (स्वादुपिंडातले पाचकद्रव्य) तपासतील. टोचल्यावर काही तासांत थंडी-ताप, टोचलेल्या जागी वाढती लाली किंवा पू, अंगावर गांधी, श्वास लागणे यांपैकी काहीही झाले तरी तेच. उलट्यांनी पाणी कमी होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, म्हणून जलसंजीवनी घोट-घोट घेत राहा. थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा घराण्यात इतिहास असेल, दिवस राहिले असतील किंवा राहू द्यायचे असतील, तर ते न विसरता सांगा. येत्या महिन्याभरात शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञांनाही सांगा, कारण उपाशी राहूनही जठर भरलेले असू शकते. कुपी चार जणांत वाटून वापरली असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही तपासून घ्या. एकाची वापरलेली सुई पुन्हा कुपीत गेली असेल, तर प्रत्येकाची सुई वेगळी होती एवढ्याने भागत नाही.

कुपी फेकू नका. उरलेली पावडर किंवा द्रावण, खोके, पैसे दिल्याची पावती, विक्रेत्याचे संदेश सगळे एका पिशवीत घालून फ्रीजमध्ये, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. झालेल्या त्रासाची नोंद राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही करता येते. विक्रेत्याची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करा. परवान्याशिवाय औषध विकणे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली गुन्हा आहे, विकत घेतल्याबद्दल रुग्णाने तक्रारीला घाबरायचे कारण नाही. चौथा डोस मात्र घेऊ नका.